कडू बटणांची रांग

१

हेटी पडते.

त्या ऑगस्टमध्ये माझी झोप गेली ती या दोन शब्दांपायी. पडते म्हणजे ठेच लागून नाही, घसरूनही नाही. चालता चालता, बोलता बोलता, कधी तोंडात घास असताना ती हातपाय पोटाशी घेते आणि कुशीवर कोसळते. मग तशीच. डोळे उघडे, श्वास चालू, पण हाक मारली तर ओ नाही. कधी मी धावत पोचेस्तोवर उठलेली असते, कधी माझा चहा निवून जातो. उठल्यावर मात्र काही झालंच नाही अशी. अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करते.

जॉस, माझा नवरा, सुतार आहे. दिवसा लाकूड कापतो आणि उरलेलं रात्री घोरून कापतो. त्याच्या शेजारी पडून मी भिंतीपलीकडचा हेटीचा श्वास ऐकत असे आणि फोनवर जे वाचू नये ते सगळं वाचत असे. मेंदू, नसा, हृदय. उजाडेपर्यंत जागी राहिलेली आई अर्धी डॉक्टर होते, आणि ते अर्धंही नको तेच.

शिवाय हा खेळ मीच शिकवलेला.

आमच्या ऊझ नदीच्या काठाने टॅन्सी उगवते. कमरेएवढी झुडपं, कापरासारखा उग्र वास, आणि शेंड्याला पिवळ्या फुलांचे गच्च गुच्छ. इथले लोक तिला कडू बटणं म्हणतात. तिच्या पानांवर एक भुंगेरा जगतो. नखाएवढा, हिरवा, वर तांब्याची झाक. उन्हात बघितला तर कुणाच्या झग्यावरची टिकली गळून पडलीय असं वाटावं. तो जवळपास आमच्याच नदीपुरता उरलाय. त्याला पंख आहेत, पण तो उडत नाही. चालत जातो. एक झुडूप हेच त्याचं गाव. पुढचं झुडूप फार लांब असलं तर तिथेच त्याचा वंश संपतो.

दर उन्हाळ्यात आम्ही काहीजण काठावर त्यांची मोजणी करतो. त्यात नियम एकच: ऊन तोंडावर घ्यायचं, म्हणजे आपली सावली आपल्या मागे पडते. सावली झुडपावर गेली की भुंगेरे पाय मुडपून टपाटप खाली पडतात आणि मुळाशी खड्यासारखे पडून राहतात.

हेटी चार वर्षांची. जुलैत तिला पहिल्यांदा मोजणीला नेलं आणि तिची सावली झुडपावर पडली.

"आई, मेले सगळे!"

"नाही गं. सावली पडली की पडायचं, सावली गेली की उठायचं. एवढंच त्यांना येतं."

"आणि अंगावर सावली नसली तर?"

"मग कशाला पडायचं? खात बसायचं."

त्या दुपारी आम्ही दोघी हेच खेळलो. मी सावली, ती भुंगेरा. मुलांचा कुठलाही खेळ दोन दिवसांत शिळा होतो. हा झाला नाही. आणि मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की ती पडते तेव्हा सावली पाडायला जवळपास कुणी नसतं.

२

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या, त्यामुळे मी आधीच खजील होते.

"पडते तेव्हा तिला आजूबाजूचं कळतं का?" त्यांनी विचारलं.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तोवर हेटीच म्हणाली, "कळतं."

"मग आईला ओ का देत नाहीस?"

हिला कुणी काहीच कसं शिकवलं नाही, अशा नजरेने हेटीने त्यांच्याकडे पाहिलं. "तेव्हा बोलायचं नसतं."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग माझ्याकडे वळून, "पहिलंच मूल?"

हा प्रश्न मला सगळे विचारतात. पाणी तापवायचं यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही विचारला होता.

"बहुधा खेळच आहे," त्या म्हणाल्या, "पण डोक्याची एक तपासणी करून घेऊ. तारीख कळवते. तोवर एक करा, ती पडली की फोनवर चित्रण करून ठेवा. आणि घाबरू नका."

मला घाबरू नका म्हणणं म्हणजे नदीला ओली होऊ नकोस म्हणणं. पण मी मान डोलावली. परतताना गाडीत हेटी मागच्या सीटवर गाणं म्हणत होती. नदीच्या बांधाकडच्या वळणावर गाणं तुटलं. आरशात पाहिलं तर ती पट्ट्यामध्ये मुडपून, मान छातीवर टाकून बसली होती. खिडकीबाहेर कुरण, नदी आणि लख्ख ऊन. वळण संपलं आणि गाणं पुढे सुरू झालं.

३

आमच्या घराची रचना सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

घर विटांचं, बसकं. स्वयंपाकघराचं दार नदीकडे उघडतं. दारापासून परसाची लांब पट्टी, तिच्या टोकाला पुराचा बांध, बांधापलीकडे नदी. नदी पश्चिमेला, म्हणून दुपारचं ऊन तिकडून येतं. संध्याकाळी बांधावरून कुणी चालत गेलं, तर त्याची सावली त्याच्या आधी परसात उतरते.

काठावरची झुडपं दर हिवाळ्याच्या पुरात बुडतात, आणि मुळाशी मातीत झोपलेले भुंगेरे त्यांच्याबरोबर. म्हणून आदल्या वर्षी मोजणीवाल्यांनी काठच्या घरांना विचारलं, तुमच्या उंच जमिनीवर थोडी टॅन्सी लावाल का? मला कुणी चांगल्या कामासाठी विचारलं की मी गरजेपेक्षा जास्त करते. बांधापासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मी झुडपांची रांग लावली. एकापासून दुसरं भुंगेऱ्याला चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर. शेवटचं दाराशी कुंडीत. त्या जुलैत ते खरंच चालत आले. झुडपामागून झुडूप करत ऑगस्टमध्ये कुंडीत पोचले, त्या दिवशी मी आनंदाने रडले. जॉस म्हणाला, "भुंगेरेबाई, आपल्या लग्नातसुद्धा रडला नव्हतात!"

शेजारची ऑड्री सोअरबी कुंपणावर कोपरं टेकून रोज चौकशी करायची. सत्तरीची बाई, दोन म्हातारी शेटलंड तट्टं पाळलेली, आणि त्यांच्यापायी एका तणाशी जन्माचं वैर. रॅगवर्ट. पिवळ्या फुलांचं, घोड्याच्या पोटात गेलं तर यकृत पोखरणारं विष.

"काय पोरी, तुझं हिरवं राजघराणं काय म्हणतंय?"

"खातंय."

"ते खातंय ते रॅगवर्ट नाही ना?"

"नाही हो ऑड्री! त्याच्या फुलाला पाकळ्या असतात. याची नुसती बटणं, बघा."

"चष्म्याशिवाय मला दोन्ही पिवळंच," ऑड्री म्हणाली.

अशाच एका दुपारी मी खिडकीशी भांडी घासत होते. हेटी परसात बादलीत माती कालवत होती. बांधाकडे पाठ करून. अचानक तिने पाय मुडपले आणि ती कुशीवर गेली. मी हातातली बशी तशीच धरून पाहत राहिले. धावायचं नाही, बघायचं, असं ठरवलं होतं. आणि तेव्हा तिच्या मागचं झुडूप दिसलं. हिरवे ठिपके पानांवरून खाली पडत होते. त्याच्या अलीकडचं झुडूप. मग त्याच्या अलीकडचं. जणू कुणीतरी रांगेच्या कडेने, घाई नसल्यासारखं, घराकडे चालत येत होतं.

कुंडीला दोन झुडपं उरली असताना ते थांबलं. बशीवरून साबणाचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. मग हेटी उठली आणि तिने माती कालवायला घेतली.

४

ढग असेल. हा माझा पहिला विचार, आणि मी तो बराच वेळ सोडला नाही. ढगाची सावली सरकते, भुंगेरे पडतात, हेटी त्यांचं बघून पडते. झालं. शिकलेल्या बाईला एवढं पुरायला हवं. पण हेटीची झुडपांकडे पाठ होती. आणि आकाश स्वच्छ निळं होतं, नको तितकं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं चित्रण तिसऱ्या दिवशी मिळालं. हेटी परसात धावत होती, मी दारातून फोन धरला होता. रात्री जेवणानंतर टेबलावर मी जॉसला ते दाखवलं.

"ही पडली," तो म्हणाला. "अगदी मजेत पडलीय. माझ्यासारखीच, सोमवारी सकाळी."

"तिला नको बघू. मागे बघ. झुडपांकडे."

त्याने फोन डोळ्यांजवळ घेतला. परत लावला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. लाकडातली रेघ कुठे फिरलीय ते शोधताना तो असाच बघतो.

"वारा," तो शेवटी म्हणाला.

"दोरीवरचे कपडे बघ."

दोरीवर त्याचेच शर्ट होते. निर्जीव लोंबत होते. एकही बाही हलत नव्हती.

"मग पक्षी असेल," जॉस म्हणाला. "वरून गेलेला."

"पक्षी एवढा सावकाश जातो?"

त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. झोपायला जाताना मात्र त्याने स्वयंपाकघराच्या दाराची कडी घातली. आम्ही ती कधीच घालत नाही. मी ते बघितलं, हे त्याला कळलं नसावं.

५

अंघोळ घालताना मी हेटीला विचारलं. अशा गोष्टी मुलांच्या डोळ्यांत बघून विचारू नयेत, केसांना साबण लावता लावता विचाराव्यात.

"बाळा, परसात तू पडतेस ना, तेव्हा कोण येतं?"

"कुणी नाही."

"मग पडतेस कशाला?"

"सावली येते."

"कुणाची?"

तिने विचार केला. पाण्यातलं बदक बुडवलं, सोडलं, ते वर आलं. "कुणाचीच नाही. नुसती सावली."

"तुला भीती वाटते?"

"पडलं की नाही वाटत. पडलं की ती अंगावरून पुढे जाते." मग मला समजावल्यासारखं, "ती आपल्याला खडा समजते."

मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. माझा हात स्थिर होता, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

"आई, काल ती कुंडीपर्यंत आली होती," हेटी पाण्याआडून म्हणाली.

ती झोपल्यावर मी दाराच्या पायरीवर बसून रांगेकडे बघत राहिले. सगळ्यात सोपं म्हणजे ही रांग उपटून टाकायची. मीच लावलीय. नदीपासून दारापर्यंत जायचा रस्ता एखाद्या येड्या बाईने आखून द्यावा तसा मी आखून दिलाय. पण थोड्याच दिवसांत भुंगेरे मुळाशी मातीत उतरणार होते. आता झुडूप उपटणं म्हणजे त्यांच्या अंथरुणासकट त्यांना फेकणं. जगात उरलेत किती, आणि त्यातले माझ्या भरवशावर चालत आलेले किती!

मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. कुत्रा भुंकतो म्हणून चोर येत नाही. जे येतंय ते रांग लावण्याआधीही येत असेल. कदाचित या घरात आधी राहिलेल्यांच्या दाराशीही येऊन गेलं असेल आणि त्यांना कधी कळलंच नसेल. मला कळतं, कारण माझ्या परसात ते दाखवणारे आहेत. उपटली रांग तर काय होईल? ते यायचं थांबेल, की फक्त दिसायचं थांबेल?

हेटीच्या पडण्याबद्दलही मी पहिल्यांदाच वेगळा विचार केला. ती आजारी नसेलच. घरात जे करायला हवं ते करणारी ती एकटीच असेल.

मग मी स्वतःला म्हटलं, बाई, तू झोपत नाहीस, म्हणून तुला हे असलं सुचतं. आणि तेही खरंच होतं.

६

तपासणीत काही निघालं नाही. हेटीच्या डोक्याला तारा लावल्या, दिवे चमकवले, तिने त्या माणसाला बदकाची गोष्ट सांगितली. "अगदी ठणठणीत," असं आम्हाला सांगण्यात आलं. जॉसने मला वाटेत आल्याचा केक खाऊ घातला. मी हसले, खाल्लं, आणि मनात म्हटलं, मग आता मागे उरतं काय?

घरी पोचलो तर परसात ऑड्री. घामाघूम, हातमोजे घातलेली, पुढ्यात हातगाडा. गाड्यात पिवळ्या फुलांचा ढीग.

"बघ पोरी," ती खुशीत म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात काळजीत, म्हटलं एवढं तरी करावं. कुंपणाजवळ रॅगवर्ट माजलं होतं. माझ्या तट्टाने, डेझीने, इकडे मान घातली असती तर संपलीच होती."

मी गाड्याकडे बघितलं. कापराचा वास नाकात भरला. रांगेच्या मधोमध, जिथे ऑड्रीचं कुंपण जवळ येतं, तिथे नुसती उघडी माती होती.

"ऑड्री," जॉस हळूच म्हणाला, "ही बटणं आहेत."

ऑड्रीने खिशातून चष्मा काढला. लावला. एक गुच्छ उचलून डोळ्यांजवळ नेला. तिचा चेहरा उतरला.

"अगं बाई. अगं बाई गं. मी राजघराणं बुडवलं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण ती आधीच रडवेली झाली होती, आणि वेळ नव्हता. आम्ही चौघं गाड्याभोवती बसून एकेक झुडूप चादरीवर झटकत गेलो. भुंगेरे पाय मुडपून पडायचे, हेटी त्यांना अलगद बोटाने बादलीत घ्यायची. "घाबरू नका," ती त्यांना सांगत होती, "ही ऑड्री मावशी आहे, ती नुसती आंधळी आहे."

"ऐकलंस?" ऑड्री नाक पुसत म्हणाली. "चार वर्षांची आणि जीभ बघ."

उपटलेली झुडपं मुळं तुटून मेली होती. वाचलेले भुंगेरे आम्ही उरलेल्यांवर सोडले, काही बांधाकडच्या, काही घराकडच्या. मध्ये खिंडार राहिलं. फार मोठं नाही. जॉसच्या लांब ढांगांनी पटकन पार होईल एवढं. पण भुंगेऱ्याला ते ओलांडता येणार नव्हतं. आणि त्या खिंडारातून काय येतंय ते मला आता दिसणार नव्हतं.

७

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. हेटी पडली नाही. जॉस म्हणाला, "बघ, ऑड्रीने तोडगा काढला." मी रात्री थोडी झोपले.

मग ती दुपार. ऊन नुकतंच कललं होतं. हेटी पायरीवर जॅमचा पाव खात बसली होती, तिच्या शेजारी कुंडी. मी दोरीवर चादर घालत होते. घालता घालता नजर बांधाकडे गेली. पहिल्या झुडपावरचे हिरवे ठिपके गळून पडले.

मग दुसऱ्यावरचे.

मी चिमटा तोंडात धरून उभी राहिले. तिसरं. मध्ये अंतर, जणू पाऊल टाकून कुणी इकडेतिकडे बघतंय. चौथं. त्यानंतर खिंडार. खिंडारात माती, उजेड, एक पांढरं फुलपाखरू. मी त्यापुढच्या, घराकडच्या झुडपाकडे बघू लागले. त्यावरचे भुंगेरे पडायला हवे होते. पडत नव्हते. जे येत होतं ते खिंडारात उभं होतं, की ओलांडत होतं, की परत फिरलं होतं? इतके दिवस मला निदान ते कुठे आहे हे कळत होतं. आई म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं, आणि आता तेही नव्हतं. खिंडारापुढे तीन झुडपं, मग कुंडी, मग हेटीचे अनवाणी पाय.

मी विचार केला नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. चादर टाकली, धावले आणि खिंडाराच्या मधोमध जाऊन उभी राहिले, नदीकडे तोंड करून, हात पसरून. ऑड्रीने बघितलं असतं तर तिला वाटलं असतं, मी तिच्या तट्टांना अडवतेय.

ऊन डोळ्यांत होतं. समोर काहीच नव्हतं. बांध, बांधावरचं वाळलेलं गवत, नदीचा आवाज. मग तोही नाही. मला एवढंच जाणवलं की चेहऱ्यावरची उन्हाची ऊब गेलीय. आणि तरीही डोळे दिपतच होते.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी मागे काहीतरी गळून पडल्याच्या आवाजाची वाट बघत होते. पावाचा तुकडा, कोपर, छोटं डोकं पायरीवर. काहीच पडलं नाही. शेवटी मी वळून घराकडे पाहिलं.

अलीकडच्या झुडपावर भुंगेरे निवांत खात होते. त्याच्या मागच्यावरही. कुंडीतले उन्हात चमकत होते. आणि हेटी पायरीवर ताठ बसली होती, हनुवटीला जॅम, माझ्याकडे बघत.

ते इथवर येऊन थांबलं होतं. ओलांडलं नव्हतं. मला हसू यायला लागलं, रडूही. माझ्यासमोर उघड्या मातीवर माझी सावली पडली होती, हात अजून पसरलेले. दुपारच्या मानाने ती फारच लांब आहे, असं मला वाटून गेलं. घराकडच्या झुडपाच्या अगदी बुंध्याशी जाऊन टेकली होती. पण मी तिच्याकडे नीट बघितलं नाही. मी हेटीकडे बघत होते.

"पडली नाहीस!" मी ओरडले. "हेटी, बघ, तू पडली नाहीस!"

हेटीने पाव बाजूला ठेवला. ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू आवाजात, भुंगेऱ्यांशी बोलते तसं, म्हणाली,

"माझ्यावर नाहीये सावली. तुझ्यावर आहे. आई, आता तू पड."